पिंप तपासायला कोण जाणार?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय हौसराव आप्पा, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आमचे विज्ञानाचे गवारे सर, माझे सहकारी, वडगाव रासाईचे समस्त ग्रामस्थ, आणि भाषणापेक्षा जेवणाच्या पंगतीकडं लक्ष लावून बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

मी मराठीची शिक्षिका. मी पवनचक्कीवर बोलावं, हा काळाचा महिमा! पण गवारे सरांबरोबर एका स्टाफरूममध्ये इतकी वर्षं काढल्यावर मलाही पात्यांतलं थोडं कळायला लागलंय.

गोष्ट साधी होती. दहावीचा जादा तास संध्याकाळी सुटतो आणि मळ्यातल्या मुलींना उसातल्या वळणावरून घरी जावं लागतं. तिथं संध्याकाळी वीज नसते, बिबट्या मात्र असतो. सोलरचा दिवा लावला, तर त्याचं पॅनेलच कुणीतरी उचलून नेलं. तेव्हा सर म्हणाले, "वारा कोण चोरतंय?" नदीकाठचं वारं, छोटा जनरेटर, एक दिवा. झालं!

झालं कसलं? पवनचक्की कोणत्या प्रकारची, यावरून गावात दोन गट पडले. एक होती तीन पात्यांची, वाऱ्याकडं तोंड करून फिरणारी. वीज जास्त देणार, पण तिला मोकळा, सरळ वारा हवा. दुसरी म्हणजे पत्र्याचं पिंप उभं चिरून केलेली. चालीला संथ, पण वारा कुठूनही येवो, ती फिरणार. आता सांगा, असला निर्णय कसा करतात? वारा मोजून? छे! आपण ग्रामसभेत हात वर करून मतदान घेतलं. आप्पा, रागावू नका, पण पात्यांचा प्रचार तुम्हीच केलात. "चिरल्याल्या पिंपासंगं फोटो कोन काढंल ओ?" हे तुमचंच वाक्य. पाती निवडून आली, गुलाल उधळला. फोटोत पाती मावावीत म्हणून खांबसुद्धा बुटकाच घेतला!

आणि उभी कधी केली? ऊस तुटून रान मोकळं झालं तेव्हा. पाती अशी गरगरली, की सरही हरखले. दिवाळीपर्यंत आप्पांचा ऊस पात्यांच्या वर गेला. मग ती बिचारी मांडवात हरवलेल्या पाहुण्यासारखी कधी इकडं तोंड करी, कधी तिकडं. दिवा विझला.

त्याच आठवड्यात बिबट्यानं वळणावरून कुत्रं नेलं. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई शाळेत आल्या. "सर, तुमचं शिकवनं ग्वाड हाय, पर माझी प्रांजल उद्यापास्नं संध्याकाळची यायची न्हाई." त्यांच्या मागं आणखी काही आया उभ्या होत्या. सर एवढंच म्हणाले, "आजपासून मी सोबत येतो. मुलींना थांबवू नका."

त्या संध्याकाळपासून सर टॉर्च घेऊन मुलींबरोबर चालू लागले आणि रविवारी पिंप चिरत बसले. पण बसवायचं कुठं? वळणावर उसापेक्षा उंच जागा एकच, आप्पांच्या बंगल्याची गच्ची. ज्यांनी पिंपाला पाडलं, त्यांच्याच डोक्यावर पिंप! "रातभर त्याची घरघर कोन ऐकंल?" असं आप्पा कुरकुरले, पण जिना त्यांनीच उघडून दिला. आप्पा, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. दिवा लागला. आजही लागतो. प्रांजल पास झाली, आणि तिच्यामागून कितीतरी मुली झाल्या.

आता सरांची एक खोड सांगते. दिवा लागल्यावर सोबत जायचं कारण संपलं होतं ना? तरी सर रोज मुलींबरोबर वळणापर्यंत जातात. विचारलं की म्हणतात, "पिंप तपासायला जातो." सर, मी विज्ञान शिकले नाही, पण गच्चीवरचं पिंप रस्त्यावरून तपासता येत नाही, एवढं मलाही कळतं!

उद्या सर दौंडला लेकीकडं राहायला जाणार. काल सामान आवरताना मला म्हणाले, "बाई, पिंपाचं कसं होणार?" ते काय विचारत होते ते मला कळलं, आणि मी ते चांगुणाबाईंच्या कानावर घातलं. मघाशी दाराशी त्यांनी उत्तर दिलं. सर, त्यांच्याच शब्दांत ऐका: "सरांना म्हनावं, निवांत जावा. सोमवारपास्नं पिंप तपासायला आमी आया जानार हाय. पाळ्या लावल्यात."

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, शाळेच्या वतीनं आभार मानते. आप्पांना चेष्टा लागली असेल तर पोटात घालावी, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर माफ करावं. आणि सर, तुम्ही डोळे पुसा आता, नाहीतर मला स्टेजच्या पायऱ्या दिसायच्या नाहीत.