लाख्या बैलाच्या शेपटीच्या केसांबाबत

दिनांक ७ सप्टेंबर १९६७

नाव शेवंता नारायणराव राखोंडे, वय बावीस, अविवाहित, शिक्षण मॅट्रिक, धंदा नोकरी (हंगामी नमुना-संकलक, माती व चारा संशोधन योजना), मूळ राहणार चिखली. हल्ली मुक्काम मौजे खारबर्डी, तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा, मनकर्णाबाई गणपतराव टिकार यांच्या घरातील पुढची खोली.

मी आपण होऊन ठाण्यात आले आहे, मला कोणी बोलावलेले नाही. हवालदार शेषराव यांनी सुरुवातीला माझे म्हणणे स्वतः लिहून घेतले. त्यात एका ठिकाणी माझ्या सांगण्यापेक्षा वेगळे उतरले होते, म्हणून मी ते खोडण्याची विनंती केली. हवालदार म्हणाले, "मंग तूच लिही, बाई. तुह्यापुढं माहा हात चालत नाही." म्हणून पुढील मजकूर मी माझ्या हाताने, त्यांच्यासमोर बसून लिहून देते.

खारबर्डीचे वामनराव टिकार यांनी मनकर्णाबाईंविरुद्ध तक्रार दिली आहे. मनकर्णाबाईंनी त्यांच्या गोठ्यात शिरून लाख्या नावाच्या बैलाच्या शेपटीचा गोंडा कापला आणि बैलजोडीला काहीतरी खाऊ घातले, त्यामुळे बैल लंगडे झाले, असे त्यात आहे. गोंडा कापल्याचे मनकर्णाबाईंनी कबूल केले आहे. वामनरावांच्या जोडीचा मान बघवत नव्हता म्हणून कापला, असे त्यांनी सांगितले आहे. हे कारण खरे नाही. खरे कारण मला माहीत आहे.

माझे काम असे आहे. माणसाच्या व जनावराच्या अंगाला तांबे, जस्त, आयोडीन असे काही पदार्थ लागतात, पण फारच थोडे. कमी पडले तरी दुखणे, जास्त झाले तरी दुखणे. सेलेनियम नावाचा पदार्थ असाच आहे. तो काही ठिकाणच्या जमिनीत जास्त असतो, तिथून कडब्यात व दाण्यात उतरतो, आणि जास्त झाला म्हणजे जनावराच्या शेपटीचे केस गळतात व खूर फाटतात, असे आम्हाला शिकवण्यात आले. आपल्या खारपाण (खाऱ्या पाण्याच्या) भागात तसे काही आहे काय, हे पाहण्यासाठी योजना आहे. मी गावात फिरून केस, नखे, ज्वारी, विहिरीचे पाणी आणि जनावरांच्या शेपटीचे केस गोळा करते व पाकिटे करून पाठवते. तपासणी दुसरीकडे होते. निकाल अजून आलेले नाहीत. मला रसायनशास्त्राची पदवी नाही.

हवालदारांनी या ठिकाणी "बैलांच्या पोटात विष गेले" असे लिहिले होते. मी तसे म्हटले नव्हते. सेलेनियमचे विष होते की नाही ते किती आहे त्यावर ठरते, आणि या बैलांच्या अंगात किती आहे हे आज कोणालाच माहीत नाही.

खारबर्डीत नमुने मिळण्यास अडचण होती. बाया विंचरलेले केस जपून ठेवतात आणि फेरीवाली आली म्हणजे त्यावर सुया घेतात. मी केस फुकट मागते. वामनरावांच्या घरच्या झुंबरबाई विहिरीवर सर्वांदेखत म्हणाल्या, "ही केसं नेते अन् सुई बी देत नाही. नखं नेते ते कायच्या भाजीत टाकते, काय मालूम!" बाया हसल्या. मीही हसले. मग त्या घागरी उचलून गेल्या.

गावात माझ्याशी कामाशिवाय बोलणाऱ्या मनकर्णाबाई एकट्याच. त्यांच्याशी कामाशिवाय बोलणारी मी एकटी होते असे मला वाटते, परंतु मी दिवसा घरी नसते, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. त्यांचे यजमान वारले आहेत. मूलबाळ नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सर्वांच्या पुढे उभे राहण्याचा मान पूर्वी त्यांच्या घरच्या जोडीचा होता. यजमान गेल्यावर बैल विकले गेले आणि मान चुलत दीर वामनराव यांच्याकडे गेला. ही गोष्ट खरी आहे. म्हणूनच मनकर्णाबाईंनी सांगितलेले कारण सर्वांना पटले.

जुलै महिन्यात मी वामनरावांकडे जनावरांचे केस मागण्यासाठी गेले होते. तेव्हा लाख्याच्या शेपटीचे केस बरेच गळालेले होते. दोन्ही बैलांच्या खुरांना आडव्या चिरा होत्या. वामनराव म्हणाले, "एक बी केस भेटनार नाही. पोळ्याच्या आंधी बैलाचे केस कापू देते काय कोनी? अन् बाई, हे जे पाह्यलं ते गावात सांगजो नोको. पोळा तोंडावर हाये." मी म्हणाले, आपण होऊन सांगणार नाही, कोणी अधिकाऱ्याने विचारले तर खोटे बोलणार नाही. ते "बरं" म्हणाले. आज फौजदारसाहेबांनी विचारले म्हणून सांगत आहे. वामनरावांना याचे वाईट वाटेल हे मला कळते.

त्यानंतर ते बैल कामावर दिसले नाहीत. पोळ्यासाठी आराम देत आहोत, असे वामनराव लोकांना सांगत. काही दिवसांनी लाख्याच्या शेपटीला पुन्हा दाट काळा गोंडा दिसू लागला. मी तो लांबून पाहिला आणि केस परत आले असे समजले. तो माझा समज चुकीचा होता, त्याचा खुलासा पुढे आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमचे साहेब जीपने आले. ते म्हणाले, लंगडणाऱ्या जनावराचा एकही नमुना या गावातून नाही, पोळ्यापर्यंत मिळाला नाही तर हे गाव सोडून द्यावे लागेल आणि तुम्हाला रोहिणखेडकडे जावे लागेल. जेवताना मी हे मनकर्णाबाईंना सांगितले. आमचे बोलणे मला आठवते ते असे.

त्यांनी विचारले, "मंग तू जाशीन?"

मी म्हणाले, "हो. हुकूम असला तर जावेच लागेल."

"अन् नमुना भेटला तर?"

"तर सगळा हिवाळा इथेच."

त्या माझे ताट उचलून घासायला घेऊन गेल्या. माझी भाकर अर्धी राहिली होती, ती ताटातच गेली. एरवी त्या मला जेवण टाकू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पदरात बांधून आणलेला केसांचा पुंजका माझ्यापुढे ठेवला. "घे. लाख्याचा हाये. वामनभाऊजी हो म्हनले," असे त्या म्हणाल्या. मी पाकिटावर गावाचे नाव, मालकाचे नाव आणि "मालकाच्या संमतीने" असे लिहिले. संमती मी स्वतः विचारली नव्हती. नियमाप्रमाणे मी स्वतः विचारायला हवी होती.

संध्याकाळी पुंजका धुण्यासाठी सोडला. पाणी काळे झाले. त्यात बैलाचे केस थोडे होते, बाकी अंबाडीचे धागे होते. ते काळ्या रंगात बुडवून, केसांत गुंफून शेपटीला बांधलेले असावेत. वामनरावांनी स्वतः केस दिले असते तर अंबाडी दिली नसती, हे माझ्या लक्षात आले. मी मनकर्णाबाईंना विचारले. त्यांनी लगेच सांगितले की, वामनरावांना विचारले नव्हते, गोठ्यात कोणी नसताना जाऊन कात्रीने कापला. निघताना झुंबरबाईंनी पाहिले; गोंडा नकली असल्याचे उघड होईल म्हणून त्यांनी ते पोळ्यापर्यंत कोणाला सांगितले नसावे, असे मला वाटते.

काहीतरी खाऊ घातल्याबाबत मी तेव्हाच विचारले. त्या म्हणाल्या, "रिकाम्या हातानं बैलाजवळ कोनी जाते काय वं? भाकर देल्ली." ती भाकर त्या दिवशी सकाळी आमच्याच चुलीवर झालेली होती. त्याच पिठाच्या भाकरी मी व मनकर्णाबाईंनी खाल्ल्या. आम्हा दोघींना काही झाले नाही. खुरांच्या चिरा व गळालेले केस मी त्याच्या महिनाभर आधी पाहिले होते. म्हणून बैलांचे लंगडणे त्या भाकरीमुळे नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते. कशामुळे आहे, ते सांगू शकत नाही.

मी मनकर्णाबाईंना म्हणाले की हा नमुना चालणार नाही. एक तर संमती नाही, दुसरे म्हणजे रंगामुळे तपासणी बिघडेल. त्यांनी विचारले, "ह्यातले खरे केस येचून देल्ले तर?" मी म्हणाले, तरी नाही. त्या दिव्याजवळ बसून बराच वेळ अंबाडी आणि केस वेगळे करत राहिल्या. मी त्यांना थांबवले नाही. ते वेगळे केलेले केस आणि अंबाडी, दोन्ही पाकिटात आहेत. पाकीट मी योजनेकडे पाठवलेले नाही. आज फौजदारसाहेबांच्या ताब्यात दिले आहे.

पोळ्याच्या दिवशी वामनरावांची जोडी तोरणापर्यंत आली नाही. लाख्या वाटेतच बसला. त्याच्या शेपटीवर लोकांचे लक्ष गेले तेव्हा झुंबरबाईंनी गोठ्यात पाहिलेली गोष्ट सांगितली. माणसे मनकर्णाबाईंच्या दारात आली. मी आतल्या खोलीत होते. वामनराव म्हणाले, "वयनी, मले तोंडावर सांगा. काऊन केलं?" मनकर्णाबाई म्हणाल्या, "म्या कापला. तुही जोडी पुढं मिरवते ते पाहवत नव्हतं मले." कोणीतरी विचारले की केसवाल्या बाईसाठी तर कापला नाही. त्या म्हणाल्या, "तिचं काय नाव घेता? तिले काहीच मालूम नाही."

हे सर्व मी दाराआडून ऐकले. मी लगेच बाहेर यायला हवे होते. मी आले नाही. माणसे गेल्यावर मी मनकर्णाबाईंना म्हणाले की मी ठाण्यात जाऊन खरे सांगते. त्या म्हणाल्या, "सांगशीन तं नोकरी जाईन तुही. मले कोन फाशी देते? बस खाली." काल त्यांना ठाण्यात आणले. आज मी आले. आमच्या साहेबांना सर्व हकीकत लिहून टपालाने पाठवली आहे. संमती नसताना पाकिटावर संमती लिहिल्याबद्दल योजना मला कमी करील असे मला वाटते. ते नियमाप्रमाणेच होईल.

फौजदारसाहेबांनी विचारले की मनकर्णाबाईंच्या मनात मानाबद्दल खुन्नस मुळीच नव्हती काय. मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. पोळ्याच्या सकाळी त्या दाराला कडी लावून बसल्या होत्या, हे मी पाहिले आहे. परंतु गोंडा कापला तो मी खारबर्डीत राहावे म्हणून, हे त्यांनी केस वेगळे करताना मला स्वतः सांगितले. त्यांचे शब्द, "हिवाळ्याचं घर लय मोठं होते, पोरी."

हा जबाब संपवण्याआधी मला व्हरांड्यात मनकर्णाबाईंसमोर नेण्यात आले. मी घरून भाकर आणली होती, ती त्यांनी घेतली नाही. हवालदार शेषराव यांनी विचारले, "मावशी, हिले ओळखता?" त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाड्यानं राह्यते. माह्यं तिचं काही नातं नाही. तिले घरी धाडा, साहेब, अंधार पडते." मी त्यांना हाक मारली. त्यांनी तोंड भिंतीकडे केले.

मनकर्णाबाई टिकार यांचे व माझे काही नाते नाही, हे खरे आहे. त्यांनी हे माझ्यासाठी केले, हेही खरे आहे. हवालदार म्हणाले की दुसरे वाक्य वर येऊन गेले आहे, पुन्हा लिहायचे कारण नाही. मी म्हणाले, दोन्ही एकाखाली एक असावीत. ते म्हणाले, "लिही, माय."

वरील सर्व मजकूर मी लिहिला. हवालदार शेषराव यांनी तो मोठ्याने वाचला, व्हरांड्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तो माझ्या म्हणण्याप्रमाणे बरोबर आहे. व्हरांड्यातून कोणी हरकत घेतली नाही.

सही
शेवंता नारायणराव राखोंडे

समक्ष
शेषराव, हवालदार