गावाची लाईन आणि माझी लाईन

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या सरपंच भागाबाई अक्का. अमळनेरहून मुद्दाम आलेले वीज कार्यालयाचे अभियंता लीलाधर साहेब. ज्यांना आपण आज निरोप देत आहोत ते आपले लाईनमन नथ्थू नाना. आणि समोर बसलेली सर्व गावकरी मंडळी, सर्वांना माझा नमस्कार. मी रत्ना. आमच्या घरातली पहिली पदवीधर, तीही इंग्रजी विषयाची. तेव्हा थोडं इंग्रजी सहन करावं लागेल. फार नाही, एकच शब्द. लाईन.

हा शब्द परका आहे, असं आपल्यापैकी कोण म्हणेल? वीज गेली की आपण 'लाईन गयी' म्हणतो. रेशनच्या दुकानात लाईन लागते. माझी आई ब्लाऊज शिवते, ती अस्तराला लायनिंग म्हणते. एखादा पोरगा एकाच दारावरून चार वेळा मोटारसायकल फिरवू लागला की तीही लाईनच; तिच्याबद्दल अक्कांसमोर न बोललेलं बरं. कॉलेजात शब्दकोश उघडला तेव्हा कळलं, हे सगळं कूळ जवसातून आलं आहे. हो, आपण चटणी करतो तेच जवस. परदेशात त्याच्या खोडापासून धागा काढत. धाग्यावरून दोरी, दोरीवरून रेघ, रेघेवरून रांग, असा हा शब्द वाढत गेला.

एक लाईन सांगायची राहिली. 'पोरगी कोणत्या लाईनला टाकली?' असं आपण विचारतो ना, ती. ती मला नानांमुळे मिळाली.

चार वर्षांपूर्वी कॉलेजच्या ऑनलाईन अर्जाचा शेवटचा दिवस होता, मुदत पाचपर्यंत. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्पष्ट सांगितलं होतं: यंदा नंबर लागला नाही तर शिक्षण बंद. आणि दुपारी वादळात बाभळीची फांदी तारांवर पडली. गाव बंद, मोबाईलचा टॉवर बंद, सेवा केंद्रातला संगणक बंद. नाना खांबावर चढलेले. मी खालून ओरडले, "नाना, मनी लाईन जाई ऱ्हायनी."

वरून उत्तर आलं, "बठ्ठा गावनी गयी शे पोरी, तुनी एकलीनी नही."

"ती नही नाना, मनी आर्ट्सनी. पाच वाजता फॉर्म बंद व्हस."

नानांनी खाली पाहिलं. "समजनं. पण मी घाईमा हात लावसू नही," म्हणाले, आणि पुन्हा आपल्याच चालीने एकेक तार तपासू लागले. तेव्हा मी जे बोलले ते आबांनाही ठाऊक नाही. मी म्हणाले, "तुमची स्वतःची पोरगी असती तर हात भरभर चालले असते."

नाना तार तपासतच राहिले. पाचला वीस मिनिटं कमी असताना लाईन आली. अर्ज गेला, नंबरही लागला. खूप पुढे कोणीतरी मला सांगितलं, की घाई केलेला नानांचा एक सोबती खांबावरून जिवंत उतरला नव्हता. त्यानंतर नानांच्या दारावरून जाताना मी मान खाली घालूनच जात आले.

बोलण्याची संधी दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. भाषणात काही चुकलं असेल तर आपण सर्वांनी पोटात घालावं. खांबाखाली जे चुकलं, त्याची माफी मात्र मला नानांकडेच मागायची आहे.

नाना काहीतरी म्हणताहेत. म्हणतात, "मले वर काही ऐकूच उनं नही."

नाना, माझं पहिलं वाक्य तर वर अगदी स्पष्ट ऐकू गेलं होतं.

असो. आज तुमचा दिवस आहे, तुमचंच खरं. धन्यवाद.