दाराबाहेरचा पाहुणा

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, पालक, आणि आज गप्प बसायचं कबूल केलेल्या माझ्या बाळांनो,

एवढं कौतुक ऐकून मला वाटू लागलंय, की निवृत्त होणारी बाई कुणी दुसरीच असावी. तरी शाल मी परत करणार नाही.

लहानपणी आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर प्रत्येक उत्तरावर हळूच विचारायच्या, "पण तुला कसं ठाऊक, बाळ?" तो प्रश्न मी विज्ञानाच्या वर्गात घेऊन आले. आमच्या प्रयोगशाळेची एक रीत तुम्हाला माहीत आहेच. प्रयोग चालू असताना एकाने दाराबाहेर थांबायचं. तो आमचा पाहुणा. मग आत येऊन त्याने फक्त लिहिलेलं उत्तर वाचायचं आणि प्रश्न विचारायचे. त्याला समजलं, तर उत्तर बरोबर. नाही समजलं, तर पुन्हा लिहा!

माझ्यामागे ही रीत टिकेल का, या काळजीने यंदा मला पोखरलं होतं. नवे विज्ञानाचे सर रुजू झाले त्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, उत्तरं फळ्यावर लिहून दिली की पोरं पाठ करतात. अभ्यासक्रमही वेळेत संपतो." मी हसले, पण घरी चहा गाळताना अर्धा ओट्यावर सांडला. यजमान म्हणाले, "शाळा तुला सोडतेय, तू शाळेला कधी सोडणार?"

परवा मी प्रयोगशाळेच्या दारातून डोकावले. हो, चोरूनच. सरांनी पाहिलं.

"या मॅडम! नाही, नाही, आत नको. बाहेरच थांबा. आज आम्हाला पाहुणा मिळत नव्हता."

इतक्या वर्षांत मला कुणी वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं! थोड्या वेळाने आत बोलावून एका मुलीने कागद हातात दिला. 'लोकरीत गुंडाळलेला बर्फ उघड्या बर्फापेक्षा उशिरा वितळला, कारण लोकर गरम असते.'

मी म्हटलं, "अगं, लोकर गरम असेल, तर बर्फ आधी वितळायला हवा ना?"

"पण मॅडम, खरंच उशिरा वितळला! तुम्ही बघितलं नाहीत."

"म्हणून तर विचारतेय."

मागून कुणीतरी म्हणालं, "पाहुणी फार खट आहे." वर्ग खदखदून हसला. मी सवयीने खडूकडे हात नेला, तर सरांनी खडू खिशात टाकला आणि म्हणाले, "मॅडम, सांगायचं नाही. लिहू दे तिला."

मुलीने पेन चावलं, खोडलं आणि पुन्हा लिहिलं. 'दोन्ही तुकडे सारखे होते. लोकरीतला उशिरा वितळला. म्हणजे लोकर स्वतः उष्णता देत नाही, तर खोलीतली उष्णता आत येण्यापासून अडवते. आपल्यालाही तिच्यात ऊब वाटते, कारण ती आपली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.'

"आता कळलं का, मॅडम?"

कळलं गं बाळ. सगळंच कळलं. त्या दिवशीचा चहा कपातच पडला.

अध्यक्षबाई, आपण आणि या शाळेने मला जे प्रेम दिलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलताना कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर पोटात घाला. आणि मुलांनो, उद्यापासून मी रोजच दाराबाहेर. मला आतलं काही दिसणार नाही. तेव्हा नीट लिहा हं.