तिसरी गैरहजेरी

— छे छे, रागावून नाही आलो मी खाली. रागावणार कशाला, आणि तेही तुमच्यावर? त्यांनी पाठवलं — म्हणजे पाठवलं असंही नाही, मीच म्हटलं, चर्चा चालू ठेवा, मी भेटून येतो ताईंना. कार्यकारिणीचा सचिव मी, मीच यायला हवं ना. जरा टेकतो हं या पायरीवर. अडतीस पायऱ्या आहेत, चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे बोलतात. तुम्हीही बसा ना, उभ्या का — अरे देवा. माफ करा. तोंडाला सवय हो, तीस वर्षं दप्तरखान्यात नोकरी केली, समोर माणूस आला की 'बसा' म्हणायचं आणि कामाला लागायचं. तुम्ही तर बसलेल्याच आहात, स्वतःची खुर्ची घेऊन आलात. हसलात, बरं वाटलं. चहा सांगू? रखवालदार आणून देईल. नको? बरं. वर आमचा झाला मघाशीच.

तर मुद्दा असा, की हा कागद. वाचायची तशी गरज नाही, चारच ओळी आहेत, मीच टाइप केल्यात — 'वैयक्तिक कारणांमुळे मी कार्यकारिणीच्या सदस्यत्वाचा राजीनामा देत आहे.' खाली सही. बस. आता तुम्ही म्हणाल, कुठलं वैयक्तिक कारण? तर ते कुणी विचारत नाही, म्हणून तर वैयक्तिक लिहायचं. नाही दिलात तर काय होईल? तर वर आज विषय क्रमांक दोन आहे — 'लागोपाठ तीन सभांना जो सदस्य हजर राहणार नाही, त्याचे सदस्यत्व आपोआप रद्द होईल.' आज तुमची तिसरी. रद्द झालं की इतिवृत्तात येतं, इतिवृत्त छापलं जातं, शाळेत तुमच्या मुली वाचणार, आमच्या गणिताच्या बाईंना काढून टाकलं म्हणून. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय — असं प्रत्येकजण म्हणतो, ठाऊक आहे मला.

हो, आलात. नाही कोण म्हणतंय? तिन्ही वेळा वेळेवर आलात, कार्यकारिणीतल्या आमच्या कंत्राटदारांच्याही आधी. पण आलात कुठवर? तळमजल्यापर्यंत. आणि सभा दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या वेळी आम्ही म्हटलं नाही का, दोघं-तिघं धरतो, अलगद वर नेतो? तुम्ही म्हणालात, मी सामान नाही. बरोबर आहे, तुमचं चुकलं असं मी म्हणतच नाही, पण डॉक्टरसाहेबांना लागलं ते. एवढे मोठे हाडांचे डॉक्टर, आमचे अध्यक्ष, आणि खुर्चीचं एक चाक धरायला स्वतः वाकले होते हो! मग मी इतिवृत्तात काय लिहिलं सांगू? 'नूतन सदस्या इमारतीत उपस्थित, सभेत अनुपस्थित.' असं वाक्य सगळ्या नोकरीत कधी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी फोन लावला, टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला — आवाज अगदी स्वच्छ येत होता, तीच तर पंचाईत झाली. सगळ्यांना ऐकू गेलं ना तुम्ही काय म्हणत होतात ते, की सभा खाली या ओसरीतच घेऊ या, सहा खुर्च्या तर आणायच्या. मग वकीलबाईंनी शंका काढली, फोनवरच्या माणसाची हजेरीपत्रकावर सही कशी घेणार? आणि सही नाही तर हजेरी नाही. फोन बंद नाही केला हं आम्ही. फायलींखाली ठेवला फक्त, घुमत होता फार.

ओसरीत का नाही? अहो, इथे वारा आहे, रखवालदाराचा रेडिओ आहे, येणारे-जाणारे बघतात. वर कसं, लांब टेबल आहे, पंखे आहेत, भिंतीवर आजवरच्या अध्यक्षांचे फोटो आहेत. आज पहिला विषय कुठला होता ठाऊक आहे का तुम्हाला? 'सार्वजनिक इमारती अडथळेमुक्त करण्याबाबत शासनास निवेदन.' सतरा पानी. मीच लिहिलंय. त्यात एक वाक्य आहे, 'जिथे जिना एकमेव वाट असतो तिथे नागरिकत्व पहिल्या पायरीशी संपते' — टाळ्या पडल्या हो, वकीलबाईंनी तर दोनदा वाचायला लावलं. काय? हो, याच इमारतीत. दुसऱ्या मजल्यावर. तुमचं लक्ष बारीक आहे, बाईच तुम्ही शेवटी.

लिफ्ट येणार होती ना! सहा महिन्यांत येणार होती, मालकांनी शब्द दिला होता, एकोणीस वर्षं झाली त्याला. ती तुमच्या मागे जागा दिसते ना, फळ्या ठोकलेली, ती लिफ्टचीच. आत आमचे फलक असतात मोर्च्याचे, आणि देणगीत आलेल्या कुबड्या. लिफ्ट नाही ही लंगडी सबब — च्, बघा. या शब्दांवर बंदी आहे आमच्यात, परिपत्रक मीच काढलं, 'लंगडी सबब', 'आंधळा कारभार' असं काही बोलायचं लिहायचं नाही, आणि माझ्याच तोंडून निघतं. अपंग म्हणायचं नाही, दिव्यांग म्हणायचं. तुम्हाला काय म्हटलेलं आवडतं? सदस्य. हं. ते आज जरा अवघड आहे.

नाही, पण तुम्हाला घेतलं ते मनापासूनच. म्हणजे — आता तुमच्यापासून काय लपवायचं — मान्यतेच्या नूतनीकरणाला नवी अट आली होती, की मंडळावर निदान एक तरी व्यक्ती, ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यातली हवी. आणि आम्ही सातही जण धडधाकट! डॉक्टरसाहेब म्हणाले, माझा उजवा कान कमी ऐकतो, तो चालेल का? गंमत नाही सांगत, फॉर्म भरायला घेतला होता. मग एकजण गेले, जागा रिकामी झाली आणि वार्षिक मेळाव्यात तुम्ही बोललात. तो मेळावा दुसरीकडे, भाड्याच्या तळमजल्यावरच्या सभागृहात होता, तिथे काही अडचण आली नाही बघा. तुमचं नाव घातलं, फोटो जोडला, खुर्ची नीट दिसेल असा. मागच्या महिन्यात मान्यता आली, पाच वर्षांची. आणि आता हे — नाही, नाही, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी जोडला का संबंध? तुम्ही तशा बघताय म्हणून वाटतं. आणि अट मोडणार नाही आम्ही, डॉक्टरसाहेबांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, डाव्या हाताचं एक बोट नाही त्यांना. जिने अगदी भराभर चढतात.

करा सही. माझं ऐका. तुम्हाला वाटतं हा म्हातारा कोडगा आहे. कोडगा नाही हो मी. नियम माणूस बघून लावायचा नसतो, एवढंच. मी तर सख्ख्या भावाला लावलाय. खोटं वाटतं? वर कुणालाही विचारा. अजून दाखला देतात नव्या लोकांना, सचिव असावा तर असा, पाठच्या भावाचीही गय केली नाही. त्याच सभेत मला सचिव केलं, एकमतानं. तोवर मी नुसता पत्रं लिहून देणारा होतो.

धाकटा माझा. घड्याळं दुरुस्त करायचा. लहानपणी ताप आला आणि दोन्ही पाय गेले, कुबड्यांवर चालायचा. ही संस्था त्याच्याच दुकानात निघाली, ठाऊक आहे? नसेलच, आमच्या माहितीपत्रकात ते नाही. इतकंसं दुकान, रस्त्याला लागून, पायरी म्हणून नाही. तिथे तो आणि त्याच्यासारखे आणखी तिघं बसायचे, बसमध्ये चढू देत नाहीत म्हणून अर्ज करायचे, आणि अर्ज लिहायला मी, कारण मला सरकारी भाषा यायची. संस्थेची घटना त्यानं लिहिली, स्वतःच्या हातानं, घड्याळवाल्याचं अक्षर, बारीक आणि एकसारखं. मग नाव झालं, मोठी माणसं आली, डॉक्टरसाहेब आले, आणि या इमारतीच्या मालकांनी दुसरा मजला फुकट दिला. कोण नको म्हणेल? सुरुवातीला मी त्याला पाठुंगळी घेऊन जायचो वर. रोज नाही, सभेला. दोन्ही कुबड्या तो माझ्या तोंडापुढे धरायचा आणि म्हणायचा, 'चल दादा, उजवीकडे घे, पुढे वळण आहे.' हसायचा. मीही हसायचो. वजन काही फार नव्हतं त्याचं.

मग एकदा — नवीन मंडळ निवडायचं होतं, मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, डॉक्टरसाहेब आणि वकीलबाई इथेच, या दारात उभे होते. आणि मी त्याला म्हटलं, आज राहू दे रे, पाठ धरलीय. धरली नव्हती पाठ. ठणठणीत होती. तो म्हणाला, 'बरं दादा.' आणि बसला इथे, मी बसलोय ना, याच पायरीवर. पुढच्या सभेलाही मी तेच म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यानं विचारलंच नाही, मीही नाही, तो खाली बसून होता आणि वर मी उभा राहून नियम वाचला. आवाज अजिबात कापला नाही माझा. डॉक्टरसाहेबांनी पाठीवर थाप मारली. त्याच पाठीवर. आई होती तोवर घरी यायचा तो, नंतर येणं बंद झालं. हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? सही घ्यायला आलो होतो मी.

काय? मघापासून ते काय पुढे करताय? घटना? घटना आहे हो माझ्याकडे, वर कपाटात, टाइप केलेली, शिक्का मारलेली. ही कुठली — हे तर हातानं लिहिलेलं आहे. बघू. चष्मा... हं. कलम अकरा. 'सभेच्या जागी पोहोचण्याची सोय असूनही जो सदस्य लागोपाठ तीन सभांना' —

असूनही.

हो. येतं वाचता मला. टाइप करताना राहिलं असेल — जुनं यंत्र होतं, रिबन फिकी, ओळ राहते कधीकधी. नाही. नाही राहिलं. या जागेत आलो तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले, घटना फार पसरट लिहिलीय तुमच्या भावानं, जरा सुटसुटीत करा. आणि मी केली. हे शब्द मी वाचले होते, ताई. त्यानं ते कशासाठी लिहिले तेही मला कळत होतं, न कळायला काय झालं, त्याला पाठीवर घेऊन मीच चढत होतो ना? मला वाटलं, चार शब्दांनी काय होतंय. तुम्हाला काढता येणार नाही हो या कलमानं. त्यालाही काढता येत नव्हतं.

हा कागद तुम्हाला कुठे मिळाला? एकच प्रत होती याची, आणि ती... त्यानं दिली? स्वतः? तुम्ही ओळखता त्याला? अच्छा, घड्याळ घेऊन गेला होतात. मग? काय म्हणाला? माझ्याबद्दल काही — नाही, राहू द्या. कसा आहे तो?

बाहेर? बाहेर म्हणजे कुठे बाहेर? आत्ता? फाटकात? तुमच्याबरोबरच आलाय, आणि इतका वेळ उन्हात... मग आत का नाही आला? कुबड्यांवर येता आलं असतं की, दारात काही फार — खुर्ची? तोही खुर्ची वापरतो आता? कधीपासून? सात वर्षं. सात वर्षं झाली आणि मला — बरं, खुर्ची तर खुर्ची, दारात रॅम्प आहे, तुम्ही आलातच ना त्यावरून. रॅम्पवर काय आहे? स्कूटर? तुम्ही आत आल्यावर कुणीतरी लावली? लोकांना अक्कल कशी नसते, एवढी मोठी पाटी लावलीय, इथे वाहन लावू नये, मीच तर ती पाटी — कुठल्या रंगाची? निळी. पुढच्या टोपलीत पिशवी आहे, कापडी.

मला आज उशीर झाला होता.

हो, हो! ऐकतोय, डॉक्टरसाहेब! नाही, सही नाही झाली! होणार पण नाही! — काय म्हणताय? — नाही, मी वर येत नाही, तुम्ही खाली या! सगळेच या, हजेरीपत्रक घेऊन या! — वकीलबाईंचे गुडघे? मग सावकाश या म्हणावं, अडतीसच आहेत!

हा घ्या तुमचा कागद, जपून ठेवा. आणि तो मी आणलेला राजीनाम्याचा फाडून टाका, नाहीतर द्या, मीच फाडतो. जरा बाजूला होता का, ताई, मला बाहेर जाऊ द्या. काय बोलू त्याच्याशी? नका सांगू, काही नका सांगू. आधी स्कूटर काढतो.