बाईंचा कॉम्प्युटर

नगरच्या स्टँडवर सोनईच्या गाडीची रांग होती. विष्णुपंतांनी तोंडापुढे पेपर धरला होता, पण वाचन कानांनीच चाललं होतं. पुढे मांडीवर मावेल एवढं खोकं कवटाळून भीमराज उभा होता आणि त्याला गाववाला रंभाजी भेटला होता.

"खोक्यात काय हाय, भीमराज?"

"जुना कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा. मास्तर वारल्यावर त्यांच्या बाईंनी मला विकलेला. आता परत मागतात."

"मंग दे की. तोंड कशापायी पाडलं?"

"बाईंना शिकवायला मास्तरांनी बटनांवर नखपॉलिशनं मराठी अक्षरं काढलेली. मी स्पिरिटनं पुसली."

"का रं?"

"गिऱ्हाइकाला चकाचक लागतं. जुने घ्यायचे, नटवून विकायचे, हाच माझा नाद."

"मंग काढ पुन्यांदा."

"काढली. बायकोची अख्खी बाटली संपवली. पण अक्षर माझं आलं, रंभाजी. मास्तरांचं नाही."

"बाईंच्या ध्यानात येतंय व्हय?"

"त्याच बटनांवर शिकल्यात त्या. पण ओळखलं तरी बोलायच्या नाहीत. हुबेहूब झालंय म्हणतील, वर चहा पाजतील."

"मंग बरंच झालं की."

"म्हणूनच सकाळपासून तीन गाड्या सोडल्या."