उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग

भाऊ : नाही म्हणजे नाही, डॉक्टर. ताईच्या छातीला सुरी लावू देणार नाही मी.

ताई : छाती माझी आहे रे.

भाऊ : तू गप्प बस. रक्ताचा कॅन्सर काय कमी होता, म्हणून वर हे?

सर्जन : केमोनं त्यांच्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या. तेवढ्यात श्वासातून बुरशी आत गेली आणि फुप्फुसात ठाण मांडून बसली. सहा आठवडे औषध दिलं. ताप गेला, बुरशीची गाठ तशीच आहे. शिवाय मोठ्या रक्तवाहिनीला टेकलीय. ती फुटली, तर आम्हाला वेळच मिळणार नाही.

भाऊ : आणि ऑपरेशनमध्येच रक्त थांबलं नाही तर?

सर्जन : तो धोका आहे. प्लेटलेट्स चढवू, पण काही पेशंट टेबलावरून परतत नाहीत. खोटं सांगणार नाही.

भाऊ : ऐकलंस?

ताई : ऐकलं. डॉक्टर, बुरशी तशीच ठेवली तर पुढची केमो?

सर्जन : अवघड आहे. पेशी पुन्हा उतरल्या की ती पसरेल.

ताई : आणि केमो थांबली की कॅन्सर डोकं वर काढणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि हा म्हणतोय काठावर बसून राहा!

भाऊ : तसं नाही म्हटलं मी.

ताई : बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय. भर चौकात ब्रेक दाबून डोळे मिटणारे खूप पाहिलेत. मागून ठोकर त्यांनाच बसते. कागद आणा, डॉक्टर.

भाऊ : मी सही करणार नाही. आईच्या वेळी केली होती.

ताई : ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्याकडे मागत नाहीये. पेन दे फक्त.

(नऊ दिवसांनंतर. वॉर्डातली खिडकीजवळची खाट.)

सर्जन : बुरशी पूर्ण निघाली. वरचाच भाग काढावा लागला, बाकीचं फुप्फुस शाबूत आहे. औषध चालू राहील. जखम भरली की केमो.

भाऊ : इतक्यात? दारापर्यंत गेली तरी धाप लागते तिला.

ताई : लागू दे. दारापर्यंत गेले ना?

सर्जन : उद्या जिना. पाच पायऱ्या, जास्त नाही. येते मी.

भाऊ : ताई... ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी बाहेर नव्हतो. बसवेना. रस्त्यानं नुसता चालत सुटलो.

ताई : नर्सनं सांगितलं.

भाऊ : रागावली नाहीस?

ताई : फार रागावले. उद्या लवकर ये. दहा पायऱ्या चढायच्यात.