घरच्या डाळीचा भाव

...अन् तो ट्रेनिंगवाला साहेब म्हणतो, मधला माणूस काढा. अहो काढला की! काढला, अन् त्या मोकळ्या जागेत मीच तोंडघशी पडलो. हसू नका, सांगतो तुमाला, बसा जरा.

आमची तूर. उदगीरच्या अलीकडं शेंदरवाडी हाय, तिथली. दरसाल मोंढ्यात न्यायची, आडत्यानं मूठभर हातात घेऊन तोंड वाकडं करायचं अन् सत्तर रुपये किलोनं उचलायची. तीच तूर डाळ होऊन दुकानात सव्वाशेला बसती. साहेब म्हणला, "दयानंदराव, वरचे पंचावन्न कुणाच्या खिशात जातात? सोता डाळ करा, पाकिटं करा, थेट लातूरला विका." त्याला काय, त्याचा पगार हाय. पण आमच्या तारामतीला, म्हणजे मंडळीला, लई पटलं. तिनं गल्लीतल्या माझ्याच भावजया जमवल्या. भिजवणं, वाळवणं, भरडणं, पाखडणं... घरात पाय ठेवाया जागा न्हाई. बायांची मजुरी माल विकल्यावर द्यायची ठरली. पाकिटावर नाव काय, तर 'घरची डाळ'. इथंच माती खाल्ली बघा.

टेम्पो घेऊन लातूरला एका कॉलनीच्या तोंडाशी उभा राहिलो. पहिलं गिऱ्हाईक उज्वलाताई, शाळेत मास्तरीण. पाकीट दाबलं, वास घेतला, पर्स उघडली, माझा सगळा जीव त्या पर्समधी... अन् विचारलं काय, तर "गाव कोणतं म्हणलाव?" अहो, म्या कुठं काय म्हणलो होतो? तरी सांगितलं, शेंदरवाडी. झालं, पर्स बंद. "अगं बाई, आमच्या जाऊबाईचं माहेर की! मग तर पावणेच तुमी." आता पावण्याला भाव कसा सांगायचा? जीभ उचलती का? म्हणलो, न्या, चव बघा, घरचीच हाय. तर म्हणती, "हो, लिहिलंच आहे की वर."

मग ठरवलं, गाव सांगायचंच न्हाई. पुढच्या गल्लीत सालेहाआपा आली, शिवणकाम करती. दोन पाकिटं उचलली. "भाव क्या बोले?" म्हणलो, सव्वाशे. "ठीक है." बघा किती सोपं. भाव विचारला, भाव सांगितला, संपलं. मी पिशवीत घालाया लागलो, तर ती टक लावून तोंडाकडं बघती. "भाई, गाँव कौनसा तुम्हारा?" म्या खोटं बोललो, म्हणलो मुदखेड. तिकडं मला कुत्रं बी ओळखत न्हाई. तर म्हणती, "झूठ नक्को बोलो. ये बोली तो मेरी नानी के गाँव की है. शेंदरवाडी के हो ना, मामू?" आता तोंडावर मामू म्हणल्यावर? भाचीकडून मामा पैसे घेतो का कुठं? उलट तिची पोरगी इकरा दारात उभी होती, तिच्या हातावर पन्नासाची नोट ठेवून आलो. दोन पाकिटं गेली अन् वर नोट गेली. हा आमचा नफा.

तवा मला त्या आडत्याची लई आठवण आली. इतकी वर्षं माल घातला, पण बाबानं एकदा बी माझं गाव विचारलं न्हाई. तुरीचा कट्टा बघायचा, माणसाचं तोंड न्हाई. आधी त्याचं वाईट वाटायचं. अहो, पण सत्तर का होईना, देत होता की.

तेवढ्यात तारामतीचा फोन. "झाले का पैसे? बाया ओसरीवर येऊन बसल्यात." म्हणलो, माल चांगला उठायलाय. त्यात खोटं काय हाय? उठतच होता.

दिवस कलला अन् एक म्हातारा स्कूटरवर आला. "केवढ्याला?" सव्वाशे. "राहिल्यात तेवढी सगळी द्या." मोजून नोटा हातात. घासाघीस न्हाई, गाव न्हाई, गोत न्हाई. बायांची मजुरी निघाली, माझ्या डोळ्यात पाणीच आलं. त्यानं स्कूटरला किक मारली, अन् मला राहवलंच न्हाई. एवढा भला माणूस असतो तरी कुठला, म्हणून मीच... ह्या माझ्याच तोंडानं... "पावणं, गाव कोणतं म्हणलाव?"

"निलंगा. अन् तुमी?"

शेंदरवाडी.

त्यानं स्कूटर बंद केली. "आमची तारामती दिलीय की तिथं. लग्नात मामा म्हणून मीच उभा होतो तिच्या मागं."

म्या कसा ओळखणार त्याला? माझ्या डोळ्यांवर मुंडावळ्या होत्या. पण आता भाचीकडून मामानं घ्यायचे न्हाईत अन् मामाकडून जावयानं घ्यायचे न्हाईत, मग घ्यायचे तरी कुणाकडून? परत दिले पैसे. तो नको नको म्हणला, अन् घेतले बी.

घरी फोन लावला. म्हणलो, बायांना सांग उद्या या, घरच्याच हायत, समजून घेतील.

तारामती म्हणती, "घरच्या हायत म्हणूनच तर उठंनात. सगळ्यांना वरणभात टाकलाय. डाळ घरचीच हाय."